हातमोजा घ्यावा की पायाचं यंत्र?

प्रश्न : वडिलांना चार महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी मूठ घट्ट मिटलेली असते आणि चालताना चवडा जमिनीला घासतो. मोटरवर बोटं उघडमीट करणारा हातमोजा घ्यावा की पायाला विजेचे झटके देणारं यंत्र?

उत्तर : आधी पाय. चवडा अडकला की माणूस पडतो.

घोटा हाताने सहज वर येत असेल, तर झटके देणाऱ्या या विद्युत-उत्तेजन यंत्राची चाचणी फिजिओथेरपिस्टकडे करून घ्या. पेसमेकर असेल तर मात्र हा विषयच काढू नका. फिट्स येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडं खाली हाडाचं टोक हाताला लागतं. एक पॅड त्याच्या किंचित मागे-खाली, दुसरा नडगीच्या बाहेरच्या स्नायूवर. झटक्यांची वारंवारता (सेकंदाला किती) साधारण 30 ते 40 हर्ट्‌झ. पाऊल फारच बाहेर वळत असेल तर वरचा पॅड थोडा पुढे सरकवा, आत वळत असेल तर मागे. टोचल्यासारखं होऊ लागलं की बहुधा पॅडचा जेल वाळलेला असतो. करंट वाढवत बसू नका, पॅड बदला.

पोटरी इतकी ताठ असेल की घोटा हातानेही वर येत नाही, तर यंत्राचा पैसा वाया जातो. तिथे ताठरपणावर उपचार आणि घोट्याचा स्प्लिंट, म्हणजे पाऊल सरळ धरून ठेवणारा कडक आधार. स्प्लिंट काढल्यावर पडलेली लाली 20 मिनिटांत गेली नाही, तर तो कुठेतरी दाबतोय. दुरुस्त करून घ्या, विशेषतः पायाला स्पर्श कळत नसेल तर.

आता हातमोजा. रुग्ण टीव्ही बघतोय आणि मोजा बोटं हलवतोय, यातून सांधे मोकळे राहतात, एवढंच. पकड परत यायला रुग्णाने स्वतः जोर लावावा लागतो. म्हणून घ्यायचाच तर रुग्णाची हालचाल ओळखून मग मदत करणारा घ्या. हात हलवून सराव करून घेणाऱ्या अशा यंत्रांचा, म्हणजे रोबोटचा, गवगवा खूप आहे. पण ब्रिटनमध्ये 770 रुग्णांवर झालेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोबोटच्या सरावाने हाताचं काम नेहमीच्या उपचारांपेक्षा सुधारलं नाही.

मोजा चढवताना बोटं ओढून सरळ करू नका. मनगट तळव्याकडे वाकवा, बोटं आपोआप सैल पडतात. तरीही मूठ सुटत नसेल तर ताठ स्नायू सैल करणाऱ्या बोटुलिनम इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी बोला, मोजा नंतर. आणि हात धरून उठवणं आजच थांबवा, खांदा निखळतो.