होणाऱ्या सासरची माणसं कॉलेजातून माझे मार्क आणि हजेरी परस्पर मागवू शकतात का? (नाशिक, अनुदानित कॉलेज)

नाही, तुमच्या संमतीशिवाय कॉलेजने ही माहिती त्यांना द्यायची नसते आणि माहिती अधिकारात अर्ज टाकला तरी ती सहजी मिळत नाही. त्या कायद्याचं कलम 8(1)(ञ) वैयक्तिक माहितीला सूट देतं. नोव्हेंबर 2025 पासूनच्या दुरुस्तीने ही सूट आणखी रुंद झाली आहे. तरीही माहिती अधिकाऱ्याला तुमची माहिती द्यावीशी वाटली, तर कलम 11 नुसार अर्ज आल्यापासून 5 दिवसांत तुम्हाला नोटीस काढावी लागते. नोटीस मिळाल्यावर हरकतीसाठी 10 दिवस असतात. ते वाया घालवू नका, हरकत लेखीच द्या.

खरी गळती होते ती ऑफिसच्या खिडकीवर, ओळखीपाळखीतून. म्हणून आजच प्राचार्यांच्या नावे साधं पत्र द्या: ‘माझ्या लेखी परवानगीशिवाय माझी माहिती कुणालाही देऊ नये.’ दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. हॉल तिकिटाचा फोटोही कुणाला पाठवू नका, कारण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा निकाल आसन क्रमांक आणि आईचं नाव टाकलं की उघडतो, आणि आईचं नाव तर स्थळ आणणाऱ्याला माहीत असतंच!

एक मात्र आहे: व्यापक जनहित सिद्ध झालं तर कलम 8(2) खाली माहिती देता येते. लग्नाची चौकशी हे जनहित नव्हे.