तिसरा अटेम्प्ट नक्की कोणाचा?

(लातूरहून एक वडील लिहितात: मुलीचे नीटचे दोन अटेम्प्ट झाले, सीट थोडक्यात हुकली, तिसऱ्यासाठी कुठला क्लास लावू? तिने मात्र शरीरातल्या सगळ्या प्रोटीन्सचा नकाशा करायचं खूळ घेतलंय, ते तर कधीच होऊन गेलंय ना?)

नमस्कार दादा,

'आम्ही तिसरा अटेम्प्ट द्यायचं ठरवलंय' असं लिहिलंय तुम्ही, पण पेपर तर ती एकटीच देणार ना? आणि तिला काय हवंय ते पार शेवटच्या ओळीत, तेही खूळ म्हणून. दोन वर्षं मोबाईल नाही, मैत्रिणी नाहीत, चुलतभावाच्या लग्नालासुद्धा नेलं नाही, आणि तुम्हीच लिहिता की हल्ली ती जेवताना बोलत नाही. मला मार्कांपेक्षा याची काळजी वाटते. झोपही उडाली असेल तर डॉक्टरांना दाखवा, त्यात लाजायचं काही नाही.

आता ते 'होऊन गेलंय'. २००३ ला पूर्ण झाला तो जीन्सचा, म्हणजे प्रोटीन्स कशी बनवायची याच्या पेशीतल्या सूचनांचा नकाशा, तुमची तिथे गल्लत होतेय. लिव्हरच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत जीन्स तीच, साधारण २० हजार, पण त्यातली कुठली प्रोटीन्स बनतात, किती बनतात, पेशीत कुठे जाऊन बसतात हे सगळं वेगळं, आजारपणात अजून बदलतं, वर एकाच जीनपासून प्रोटीनची कितीतरी रूपं होतात. २०१४ ला प्रोटीन्सच्या नकाशाचे पहिले मोठे मसुदे आले, त्यातला संशोधक अखिलेश पांडेंच्या टीमचा १७,२९४ जीन्सची प्रोटीन्स दाखवणारा होता आणि त्यात बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फॉर्मेटिक्सचा मोठा वाटा होता. २०२० पर्यंत ९० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन्सचा पक्का पुरावा मिळाला, पण पुरावा म्हणजे ती आहेत एवढंच. स्वीडनच्या प्रोटीन ॲटलस या प्रकल्पवाल्यांनी १२ हजार प्रोटीन्स पेशीत कुठे असतात ते तपासलं तर जवळजवळ निम्मी एकाहून जास्त जागी सापडली! ती तिथे करतात काय, हे शोधायला माणसं लागणारच आहेत.

पुढचं तिला वाचायला द्या. बेटा, नुसतं बायो आवडून भागणार नाही, मास स्पेक्ट्रोमीटरचा (प्रोटीन्सचे तुकडे वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राचा) डेटा म्हणजे केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स आणि कोडिंग, त्यामुळे अकरावीत सोडलेलं मॅथ्स परत हातात घे. बीएस्सी, मग जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, मग पीएचडी, म्हणजे तिशीच्या जवळपास जाईपर्यंत स्टायपेंडवरच राहायचं, हे आत्ताच माहीत असू दे.

दादा, क्लासचं नाव मी देणार नाही. आज मोबाईल तिला परत द्या, आणि बीएस्सीचा फॉर्म भरायचा की नाही ते तिच्या तोंडून ऐका, मधे न बोलता.