चार्ल्सटनला पहिल्यांदा जाताना

जुलै-ऑगस्ट टाळा. अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यातलं हे शहर पायीच बघायचं, आणि तेव्हाच्या दमट उकाड्यात ते जमत नाही. रेनबो रोची रंगीत घरं सकाळीच उरका. खरा वेळ द्या तो गॅड्सडेन्स व्हार्फवरच्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयाला. गुलाम म्हणून आणलेल्या हजारो माणसांना जिथे उतरवलं, त्याच धक्क्यावर ते २०२३ मध्ये उघडलं. इथली भातशेती त्यांच्याच कष्टांवर आणि ज्ञानावर उभी राहिली, हे कळल्यावर ताटातला भातही वेगळा वाटतो. श्रिम्प अँड ग्रिट्स खाच. मक्याच्या मऊ शिजवलेल्या कण्यांवर कोळंबी, कोकणी जिभेला नक्की आवडेल. त्यात बहुतेकदा डुकराचं मांस असतं, चालत नसेल तर आधी विचारा. सिटी मार्केटमधल्या स्वीटग्रास या गवताच्या टोपल्या महाग वाटतील, पण घासाघीस करू नका. त्याच गुलाम आफ्रिकनांचे वंशज असलेल्या गल्ला (Gullah) समाजाचे कारागीर त्या हाताने विणतात, मोठ्या टोपलीला कित्येक आठवडे जातात.