अकरा जीबीची फाईल आणि रिकामा पेनड्राइव्ह

प्रश्न : नातीच्या बारशाचं शूटिंग माझ्या विंडोज लॅपटॉपवर आहे, एकच फाईल 11 जीबीची. 32 जीबीचा पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा आहे, तरी ‘फाईल फार मोठी आहे’ असं येतं. मग हार्डडिस्कवर घेतली. ती मुलीच्या मॅकबुकवर उघडते, पण तिच्याकडचे फोटो त्यात टाकता येत नाहीत. दुकानदार म्हणतो, नवीन डिस्क घ्या. घेऊ का? – एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, एक पैसा खर्च करू नका. दोन्ही वस्तू धडधाकट आहेत. पेनड्राइव्ह फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला, म्हणजे फायली ठेवायला त्या पद्धतीने आखलेला असणार. त्यात जागा कितीही असो, एक फाईल 4 जीबीच्या पुढे जात नाही. हार्डडिस्क एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीची असणार. मॅक ती नुसती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही.

विंडोज आणि मॅक दोघांना चालणारी पद्धत म्हणजे एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने ती 2006 मध्ये आणली, 2010 पासून मॅकलाही चालते. हार्डडिस्कला हात लावू नका. पेनड्राइव्ह रिकामाच आहे, तोच लॅपटॉपला लावा. त्याच्या चिन्हावर राइट क्लिक, मग फॉरमॅट, फाईल सिस्टीममध्ये एक्सफॅट निवडा आणि स्टार्ट. मात्र आधी ड्राइव्हचं अक्षर दोनदा वाचा, कारण फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं जाणार.

आता कळकळीचं सांगतो. एक्सफॅटमध्ये लिहिण्याची नोंदवही, म्हणजे जर्नल, नसते. कॉपी अर्धवट असताना ड्राइव्ह ओढला की आतला हिशेबच विस्कटू शकतो. वडिलांच्या आवाजातला हरिपाठ मी असाच गमावला. पट्टी शंभर टक्क्यांवर पोहोचलेली दिसली, मी ड्राइव्ह उपसला. घरी फोल्डर उघडलं तर फाईलचं नाव होतं, आकार शून्य. मूळ फाईल त्याच दुपारी पुसली होती. वडील तेव्हा हयात नव्हते. म्हणून विंडोज असो वा मॅक, आधी इजेक्ट करा, विंडोजवर ‘आता काढू शकता’ असा निरोप येऊ द्या, मॅकवर ड्राइव्हचं चिन्ह नाहीसं होऊ द्या, मगच हात लावा.

मुलीचे फोटो परत आल्यावर ‘._’ने सुरू होणाऱ्या चार-चार केबीच्या फायली दिसल्या तर घाबरू नका. मॅक स्वतःसाठी त्या ठेवतो, फोटो त्यांत नसतात.

आणि मुलीकडे शूटिंग उघडून शेवटचं मिनिट चालवून बघा. तोवर लॅपटॉपवरची प्रत पुसू नका.