रानात दिसलेला हा शिकारी पक्षी कोणता? कबुतराएवढा, पाठ तपकिरी, डोळे पिवळे, छातीवर उभे ठिपके

तुमच्या वर्णनावरून मी तरी शिक्रा म्हणेन, पण अजून वयात न आलेला. तुम्ही सांगितलंत तसं फांदीवर गुपचूप बसून राहणं आणि खाली झेप घेऊन सरडा उचलणं ही त्याचीच रीत.

पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही म्हणता, ते साहजिक आहे. चित्र बहुधा प्रौढ नराचं असतं: राखाडी पाठ, लालभडक डोळे, छातीवर तांबूस बारीक आडव्या रेघा. कोवळ्या शिक्र्याच्या छातीवर मात्र थेंब ओघळल्यासारखे उभे तपकिरी ठिपके असतात. मीही सुरुवातीला रंगावरच जायचो आणि एकाच जातीचे तीन पक्षी करून ठेवायचो.

गळ्याच्या मधोमध बारीक काळपट रेघ होती का, आठवून बघा. असेल तर शिक्र्याकडे पारडं आणखी झुकतं. रेघ जाड, ठसठशीत असेल आणि जंगल दाट असेल, तर बेसराचा, म्हणजे शिक्र्याच्याच एका भाऊबंदाचा, विचार करावा लागेल. तिसा नावाचा शिकारी पक्षीही फांदीवर असाच बसून राहतो, पण मोठा झालेल्या तिसाचे डोळे पांढरट दिसतात.

तुम्ही ससाणा म्हटलंय, तो मात्र नव्हे. ससाण्याचे डोळे काळेभोर आणि पंख टोकदार. शिक्र्याचे पंख आखूड, गोलसर, शेपटी लांब; चार-पाच वेळा भराभर पंख मारायचे, मग थोडं तरंगायचं, अशी त्याची उडण्याची तऱ्हा. (गंमत म्हणजे जनुकांच्या अभ्यासात ससाणे शिक्र्यापेक्षा पोपटांच्या जवळचे निघाले आहेत.)

खरी पंचाईत पावशाची. तो कोकिळेच्या कुळातला, पण अंगावरची नक्षी, पट्टेरी शेपूट, उडणं, सगळं थेट शिक्र्यासारखं. आणि पावशाच्या पिल्लाच्या छातीवरही तपकिरी ठिपके असतात! एकदा मी वहीत ऐटीत ‘शिक्रा’ लिहिलं आणि पेन खिशात ठेवतोय तोवर त्या पक्ष्याने ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ सुरू केलं. पावशाची चोच जवळजवळ सरळ असते, शिक्र्यासारखी आकडेबाज नाही, आणि डोळ्याभोवती पिवळं कडं असतं.

म्हणून एकच सांगा: सरडा त्याने पंजात धरून नेला की चोचीत? पावशाचे पाय शिकार पकडायच्या कामाचे नसतात. पंजात असेल, तर बिनधास्त शिक्रा लिहा.