ठाण्यात गे माणसाला मोकळेपणाने राहता येतं का?

तुझा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तू चोवीस वर्षांचा, सांगलीचा, पुढच्या महिन्यात ऐरोलीला नोकरी सुरू, घर ठाण्यात बघतोयस. इथे गे माणसाला मोकळेपणाने राहता येतं का, की सगळ्यासाठी मुंबईच गाठावी लागते, आणि या सगळ्याच्या राजकारणात पडावं का, असं विचारलंयस. मी चव्वेचाळीसचा, जन्म नौपाड्यातला, सध्या घोडबंदर रोडला जोडीदारासोबत राहतो. वयाचा फायदा घेऊन अरे-तुरे करतोय, चालवून घे.

राहता येतं. अडतं ते माणसांपेक्षा जागेपाशी.

इथे डेटिंग ॲप उघडलंस की 'हाय'च्या पाठोपाठ 'प्लेस?' असं येईल. म्हणजे तुझ्याकडे जागा आहे का. नाव, गाव, आवडीनिवडी सगळं मागाहून. उत्तरं ठरलेली: 'नो प्लेस', 'घरचे रविवारपर्यंत गावाला', आणि अगदी क्वचित 'आहे'. बाहेरच्यांना यात नुसता चावटपणा दिसतो. पण वन बीएचकेत आई-वडील, आजी आणि लग्नाची बहीण यांच्यासोबत वाढलेल्या मुलाला दार लावून फोनवर बोलता येत नाही, तिथे प्रेमबिम लांबच. मी एकतीस वर्षांचा होईपर्यंत हॉलमध्ये गादी घालून झोपत होतो. स्वतःबद्दलचे सगळे मोठे निर्णय मी संडासात घेतलेत.

साधारण २००३ ची गोष्ट. राम मारुती रोडच्या जवळ एका सायबर कॅफेत पडदा लावलेल्या केबिनमध्ये बसून याहूवर एकाशी आठवडाभर बोलत होतो. तो माटुंग्याचा, मी मुलुंडचा, असं एकमेकांना सांगितलेलं. भेटायचं ठरलं तलावपाळीला, गडकरी रंगायतनच्या बाजूला, निळा शर्ट. तिथल्या मासुंदा तलावाला मी तीन फेऱ्या मारल्या. निळा शर्टही मारत होता. चौथ्या फेरीला समोरासमोर आलो आणि कळलं, हा तर आईच्या भिशीतल्या काकूंचा मुलगा. "काय रे, इकडे कुठे?" "काही नाही, असाच." दोघांनी एक-एक भेळ खाल्ली, दहावीच्या मास्तरांविषयी बोललो आणि घरी गेलो. पुढे त्याचं लग्न झालं. मी जेवायलाही गेलो होतो.

म्हणजे ठाणेकर मुलगा मुंबईला जायचा तो तिथे फार काही आहे म्हणून नव्हे, तर तिथे भिशीतल्या काकू नाहीत म्हणून. अर्थात तिथे होतंही. सांताक्रूझला वाकोल्यात हमसफर ट्रस्ट, अशोक राव कवी आणि त्यांच्या मित्रांनी १९९४ मध्ये सुरू केलेली. त्याआधी १९९० पासून कवींचं 'बॉम्बे दोस्त' निघत होतं. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा एका खोलीत वीस-पंचवीस माणसं बसलेली, आणि कुणी रिक्षा चालवतोय, कुणी सीए, कुणी बँकेत. मी कोपऱ्यात बसून फक्त चहा प्यायलो. पण 'आपल्यातला' हा शब्द तिथे मोठ्याने ऐकला. 'समलिंगी' वगैरे पेपरात. आमच्यात विचारतात, "तो आपल्यातला आहे का?"

१६ ऑगस्ट २००८ ला मुंबईत आपल्या लोकांचा पहिला मोठा प्राइड मोर्चा निघाला. त्याला जायची छाती झाली नाही. दोन वर्षांनी गेलो ते डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल आणि चालायला रस्त्याची कड, पोलिसांच्या शेजारून. कुणी ओळखीचं दिसलंच तर 'बघायला थांबलो होतो' म्हणता यावं. परतताना शेवटची कर्जत पकडली आणि कुणीतरी गालावर काढलेला इंद्रधनुषी पट्टा कुर्ला येईपर्यंत थुंकी लावून पुसत होतो. तू तसं करायची गरज नाही. आता घाटकोपरला उतरणारी पोरं तो रंग तसाच मिरवत घरी जातात.

कोर्टाचं तू वाचलं असशीलच. दिल्ली हायकोर्टाने जुलै २००९ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ बाजूला केलं, सुप्रीम कोर्टाने ११ डिसेंबर २०१३ ला ते परत आणलं. मी साडेचार वर्षं निर्दोष राहून पुन्हा गुन्हेगार झालो, तेही नोकरीत प्रमोशन मिळालं त्याच महिन्यात. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने ते प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं संपवलं. गणपती आठवड्यावर आले होते. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात वर्गणीची यादी फिरत होती आणि कँटीनच्या टीव्हीवर बातमी लागली. शेजारचा म्हणाला, "घ्या, आता हेच राहिलं होतं." मी वर्गणीचे पाचशे एक रुपये लिहिले आणि बाथरूममध्ये जाऊन रडलो. पुन्हा बाथरूमच. सांगितलं ना, जागेचा प्रश्न.

ॲपवर भेटणार असशील तर एक गोष्ट पक्की धर: पहिली भेट मॉलच्या फूड कोर्टात किंवा तलावपाळीला, भर गर्दीत. 'प्लेस आहे, लगेच ये' म्हणणाऱ्याच्या फ्लॅटवर तिघे जण निघाले, मारहाण करून व्हिडिओ काढला आणि पैसे उकळले, हे माझ्या ओळखीतल्या दोघांच्या बाबतीत झालंय. एकाने तीन महिने पैसे दिले, कारण 'पोलिसांत देतो' ही धमकी. अरे, पोलिसांत जायचं त्याने! २०१८ नंतर तू कुणाबरोबर होतास हा गुन्हा नाही, खंडणी मात्र आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. एक खोच लक्षात ठेव. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेत ३७७ अख्खंच नाही, त्यामुळे पुरुषावर बलात्कार झाला तर आज त्याला थेट कलमही उरलेलं नाही. आनंदाच्या भरात हे फार कुणी बोललं नाही. आणि दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची टेस्ट करत जा. सरकारी दवाखान्यात फुकट होते, गोपनीय असते. माहितीला १०९७ ही हेल्पलाइन आहे.

आता घर. इथे एक विनोद आहे. दोन पोरांनी मिळून घर भाड्याने घेतलं तर ठाण्यात कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. उलट मुलगा-मुलगी लग्नाशिवाय आले तर दलाल फोन उचलायचा बंद होतो. 'बॅचलर चालतील, मुली आणायच्या नाहीत' ही अट ऐकून आम्ही दोघांनी इतक्या मनापासून मान डोलावली की मालक खूश. अकरा महिन्यांचा करार, पोलीस व्हेरिफिकेशन, सगळं सुरळीत. वॉचमनसाठी तो माझा 'रूममेट', कामवाल्या मावशींसाठी 'दुसरे दादा'. पस्तिशीपर्यंत हे झाकण पुरतं. पुढे लोक मोजू लागतात. सोसायटीच्या सत्यनारायणाला विचारतात, "अजून एकत्रच राहता?" आपण म्हणायचं, "भाडी काय झालीत बघता ना!" हे उत्तर ठाण्यात कायम चालतं.

मोकळेपणा म्हणशील तर माझ्या आईला माहीत आहे, ऑफिसात चौघांना, सोसायटीत कुणालाच नाही आणि सगळ्यांनाच. 'तसला' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असतं. ठाण्यातल्याच म्हणायच्या तर तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी. तृतीयपंथीयांना कायद्याने ओळख देणारा १५ एप्रिल २०१४ चा निकाल लागला त्या खटल्यात त्याही होत्या. त्यांना सगळं ठाणं ओळखतं. पण डबा घेऊन टीएमटी बसच्या रांगेत उभा असलेला चष्मेवालाही 'तसला' असू शकतो, हे लोकांच्या डोक्यात बसत नाही. याचा मी भरपूर फायदा घेतलाय, खोटं कशाला बोलू. ज्या पोरांची चाल, हातवारे, आवाज लोकांना दिसतो, त्यांना ही सवलत नाही. 'बायल्या', 'छक्का' ते शाळेपासून रोज ऐकतात, आणि ॲपवर आपलेच लोक त्यांना 'बायकी नको' लिहितात. तू तसं लिहू नकोस.

खरी परीक्षा झाली २०१९ च्या पावसाळ्यात. माझ्या जोडीदाराला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स घसरल्या, एका खासगी हॉस्पिटलात दाखल केलं. फॉर्मवर रकाना: 'रुग्णाशी नाते'. पेन हातात धरून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. 'भाऊ' लिहिलं. काउंटरवरच्या मुलीने वर बघितलं. "आडनाव वेगळं आहे." मी पुढे 'मावस' जोडलं. ते दोन शब्दांच्या मध्ये मावेना, म्हणून वर बारीक अक्षरात लिहिलं. पाच दिवस मी त्याचा मावसभाऊ होतो. सहाव्या दिवशी त्याचा खरा मावसभाऊ नाशिकहून आला.

राजकारणाचं विचारलंस. पक्षांबद्दल फार आशा ठेवू नकोस, पण सगळेच गप्प होते असंही नाही. राष्ट्रवादीने २०२० मध्ये एलजीबीटी सेल काढला, सुप्रिया सुळेंनी २०२२ मध्ये समलिंगी विवाहासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. पुढे सरकलं नाही ते. त्याच २०२० मध्ये प्राइडला ऑगस्ट क्रांती मैदान नाकारलं, आझाद मैदानात जमलो, आणि तिथल्या वेगळ्याच राजकीय विषयावरच्या घोषणांवरून पन्नासाहून जास्त जणांवर राजद्रोहाचा गुन्हा लागला. त्यावरून आमच्यातच जुंपली. 'आपण आपलं बघावं, बाकीच्या विषयांत कशाला पडायचं' असं म्हणणारे निम्मे. मला ते पटत नाही. ज्याला घर भाड्याने मिळत नाही त्या मुसलमान मित्राची आणि माझी अडचण एकाच सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरते.

२०२३ मध्ये लग्नाच्या खटल्यात केंद्र सरकारने लिहून दिलं की ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे. मी त्या वेळी कासारवडवलीच्या ट्रॅफिकमध्ये, टीएमटीत, एका पायावर उभा राहून ते वाचत होतो. १७ ऑक्टोबरला निकाल आला: लग्नाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्ती. नात्याला काहीतरी कायदेशीर ओळख द्यावी म्हणणारे दोन, नको म्हणणारे तीन. फेरविचाराच्या याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

लग्न म्हणजे पंगत आणि बँड नव्हे रे, कागद. पुढे विकत घेतलेला आमचा फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर आहे, कारण कर्जाला दोघांचं नाव लावायला गेलो तर एका बँकेने 'रक्ताचं नातं नाही' म्हणून फाईल परत केली. हप्त्याचा निम्मा वाटा तो देतो. नवरा-बायको असतो तर हाच फ्लॅट दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर बक्षीसपत्राने नावावर करता आला असता. आता पूर्ण मुद्रांक शुल्क, वर पन्नास हजारांच्या पुढची भेट म्हणून त्याला इन्कम टॅक्स. सोसायटीत सहयोगी सदस्य करावं म्हटलं तर कायद्यातल्या यादीत नवरा, बायको, भाऊ, बहीण, अगदी जावई, सून, भाचा, पुतण्या आहेत. हा कुठेच नाही. मी मृत्युपत्र न करता गेलो तर फ्लॅट आईचा, तिच्यानंतर बहिणीचा. बहीण सोन्यासारखी आहे. भाऊजींची हमी देत नाही.

थोडं सैल झालंय. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थखात्याने स्पष्ट केलं की आपल्यासारख्या जोडप्यांना जॉइंट खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. रेशनकार्डासाठीही एकच कुटुंब धरा, असं केंद्राने राज्यांना कळवलंय. खातं आम्ही काढलं. तिथल्या मुलाने नातं विचारलं, मी 'पार्टनर' म्हणालो, त्याने "बिझनेस?" विचारलं आणि खातं उघडलं.

आणि मृत्युपत्र केलं. दोन साक्षीदार लागतात. एक ऑफिसातला, दुसरे समोरच्या फ्लॅटमधले काका, रेल्वेतून निवृत्त. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असं वकील सांगत होता. काकांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, बोट ठेवून, सगळं वाचलं. माझ्या पोटात गोळा. मग म्हणाले, "याच्या आडनावातली वेलांटी चुकलीय. दुसरी आहे ना? उद्या याला त्रास नको." प्रिंट पुन्हा काढली, काकांनी सही केली, चहा प्यायले आणि गेले. त्या विषयावर आजतागायत एक अक्षर बोलले नाहीत. दिवाळीला फराळाचं एकच ताट येतं, पूर्वी दोन वेगवेगळ्या डिशेस यायच्या.

ऐरोलीला जायचं असेल तर घोडबंदरला घर घेऊ नकोस, ट्रॅफिकमध्ये मरशील. कळवा किंवा कोपरी बघ. ठाणे स्टेशनवरून ट्रान्स हार्बर लोकलने दिघा गाव, की पुढचं ऐरोलीच. आणि कुणाबरोबर राहणार असशील तर करारावर दोघांची नावं टाकून घे. डिपॉझिटची पावतीसुद्धा दोघांच्या नावाने.