तिसऱ्या वर्षी रिॲक्शन चार महिने चालत नाही आणि लॅबला जावंसंच वाटत नाही, तर काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातल्या विद्यापीठात सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी, तिसरं वर्ष. ब्यूटाइल लिथियम या तीव्र बेसने रेणूतला प्रोटॉन काढायचा आणि त्यावर आल्डिहाइड घालायचं, ही एक पायरी चार महिने अडलेली. पेपरात ७८ टक्के यील्ड (पदार्थ मिळण्याचं प्रमाण) लिहिलंय, इथे दर वेळी स्टार्टिंग मटेरियल (मूळ पदार्थ) जसंच्या तसं परत. बरोबरीची मुलं नोकरीला लागली. सकाळी अंथरुणातून उठवत नाही. मोटिव्हेशन कसं टिकवायचं?

आधी एक शंका बाजूला काढू. लॅब सोडून बाकीच्या गोष्टींतही रस उरला आहे का? सुट्टीत घरी गेल्यावर बरं वाटतं का? क्रिकेट, सिनेमा, आईच्या हातचं जेवण, काहीच नको वाटत असेल, झोप किंवा भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, तर तो पीएचडीचा प्रश्न राहिलेला नाही. तेव्हा डॉक्टरला भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. जगावंसंच वाटत नाही इथपर्यंत आलं असेल, तर हे उत्तर पुढे वाचू नका, आत्ताच फोन करा. गाईडला सगळं सांगायची गरज नाही, 'तब्येतीमुळे रजा हवी' एवढं पुरतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) फेलोशिपमध्ये सार्वजनिक सुट्ट्या सोडून वर्षाला ३० दिवस रजा घेता येते. ती रजा वापरायलाच असते.

तसं काही नसेल तर पुढचं वाचा. माझ्या मते तुमच्याकडे इच्छाशक्ती कमी नाही, उत्तरं कमी आहेत. समजा या चार महिन्यांत ती रिॲक्शन तुम्ही पंचवीस वेळा लावली. पंचवीस वेळा काय कळलं? 'चालली नाही.' म्हणजे एकच माहिती पंचवीस वेळा मिळाली. कितीही जिद्दी माणूस असला तरी याला कंटाळणारच. यावर उपाय एकच: असा प्रयोग लावायचा की त्याचं 'नाही' सुद्धा काहीतरी सांगून जाईल. तुमच्याच पायरीवर करून दाखवतो.

स्टार्टिंग मटेरियल परत येण्याची मुख्य कारणं तीन. प्रोटॉन निघालाच नाही. निघाला पण पाण्याने परत बसला. किंवा निघाला, टिकला आणि आल्डिहाइडपाशी घोळ झाला. तिन्हींची टीएलसी (मिश्रणातले पदार्थ ठिपक्यांत दाखवणारी पट्टी) अगदी सारखी दिसते, म्हणून नुसती टीएलसी बघून तुम्ही चार महिने अंदाज बांधत बसलात.

पहिलं काम ब्यूटाइल लिथियमच्या बाटलीचं. लेबलवर १.६ मोलर लिहिलंय, पण सहा महिने सगळी लॅब त्याच सेप्टममधून (रबरी झाकणातून) सुया खुपसत असेल तर आत १.६ उरलेलं नसतं. कोरड्या फ्लास्कमध्ये नायट्रोजनखाली २१२ मिलिग्रॅम डायफिनाइल ॲसिटिक ॲसिड घ्या, हे बरोबर १ मिलिमोल होतं. ५ ते १० मिली कोरडं टीएचएफ (सॉल्व्हंट) घाला. १ मिलीच्या सिरिंजने ब्यूटाइल लिथियम थेंब थेंब सोडा. आधी प्रत्येक थेंबाचा पिवळा रंग येऊन जातो. फिका पिवळा रंग जिथे टिकला तिथे थांबा. १ ला जितके मिली लागले त्याने भागा. ०.८३ मिली लागलं तर बाटली १.२ मोलर आहे. मग हिशेब करून बघा: १ मिलिमोल पदार्थासाठी १.१ इक्विव्हॅलंट (१.१ पट) म्हणून तुम्ही लेबलवर विश्वास ठेवून ०.६९ मिली घालत होतात, म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम ०.८३ मिलिमोल. टीएचएफमध्ये थोडं पाणी असेल तर त्यातलंही आणखी गेलं. दोनदा टायट्रेट करा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर टीएचएफ ओलं आहे किंवा हात घाईचा आहे.

दुसरी चाचणी खरी उपयोगाची. मुख्य रिॲक्शनला हात न लावता ०.२ मिलिमोलची छोटी रिॲक्शन वेगळी लावा. आल्डिहाइड घालायच्या वेळी त्याऐवजी डी२ओ (जड पाणी; निघालेल्या प्रोटॉनच्या जागी त्यातलं ड्युटेरियम बसतं) घाला, वर्कअप करा (रिॲक्शन थांबवून पदार्थ वेगळा काढा) आणि प्रोटॉन एनएमआर काढा. जो प्रोटॉन निघायला हवा होता त्याच्या शिखराचं इंटिग्रेशन (क्षेत्रफळ) बघा. १.०० वरून ०.१ वर आलं असेल तर लिथिएशन (प्रोटॉन काढणं) उत्तम होतंय आणि दोष आल्डिहाइडच्या बाजूला आहे. १.०० च राहिलं तर आल्डिहाइड निर्दोष आहे. तुमचा बेस, तापमान, वेळ किंवा ओलावा यांतलं काहीतरी चुकतंय. मध्येच ०.५ वगैरे आलं तर बहुधा बेस कमी पडतोय किंवा वेळ. तिन्हीपैकी काहीही आलं तरी संध्याकाळी घरी जाताना सकाळी नव्हती अशी एक गोष्ट तुम्हाला माहीत असते.

आल्डिहाइडवर संशय गेला तर बाटलीचं झाकण उघडून बघा. बेन्झाल्डिहाइडच्या जुन्या बाटलीच्या तोंडाशी पांढरे स्फटिक जमलेले असतात. ते बेन्झॉइक ॲसिड. हवेने आल्डिहाइडचं ॲसिड होतं, आणि ॲसिड तुमच्या आनायनला (प्रोटॉन गेलेल्या रेणूला) एका क्षणात प्रोटॉन परत देतं. सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुवा, वाळवा, कमी दाबाखाली डिस्टिल करून त्याच दिवशी वापरा. आल्डिहाइडला अल्फा प्रोटॉन (शेजारच्या कार्बनवरचा) असेल तर प्रश्न वेगळा, तिथे आनायन नुसता बेससारखा वागू शकतो आणि कितीही शुद्ध केलं तरी स्टार्टिंग मटेरियल परत येतं.

तिसरी चाचणी कोणी करत नाही, कारण ती वेळ फुकट घालवल्यासारखी वाटते: पेपरातलाच मॉडेल सबस्ट्रेट (नमुन्याचा पदार्थ) घेऊन पेपरातलीच रिॲक्शन एकदा जशीच्या तशी लावणे. ती चालली तर तुमचा हात आणि रिएजंट ठीक, अडचण तुमच्या रेणूची. नाही चालली तर तुमच्या रेणूला चार महिने विनाकारण दोष दिला.

आणि पुण्यात जुलै-ऑगस्ट म्हणजे काचेवर पाणी धरणारच. ग्लासवेअर रात्रभर ओव्हनमध्ये, सकाळी गरम असतानाच नायट्रोजनखाली जोडायचं. टीएचएफ सोडियम-बेन्झोफिनोनवर (पाणी काढणारं, कोरडं झालं की रंग दाखवणारं मिश्रण) असेल तर निळं-जांभळं दिसेपर्यंत काढायचं नाही. हिरवट-पिवळं 'चालतंय' म्हणणारे सिनियर प्रत्येक लॅबमध्ये एक तरी असतात. ब्यूटाइल लिथियम रात्री अकराला एकट्याने कधीही काढू नका. तो हवेत पेटतो. आणि थकलेला माणूस सिरिंजचा दांडा जास्त मागे ओढतो.

आता दिवसाविषयी. सिंथेटिक लॅबचा दिवस बिघडतो तो दुपारी. अकराला पोचायचं, चहा, बारापर्यंत ग्लासवेअर शोधायचं, दोनला रिॲक्शन लावायची, मग ती सहाला संपते, वर्कअप आठला, कॉलम (सिलिकाच्या नळीतून पदार्थ शुद्ध करणं) उद्यावर. उद्या पुन्हा तेच. त्यापेक्षा रिॲक्शन सकाळी दहाच्या आत लागली पाहिजे, आणि त्यासाठी काचेचं सामान आदल्या संध्याकाळी ओव्हनमध्ये गेलं पाहिजे. रिॲक्शन चालू असताना कालचं वर्कअप उरकायचं. कॉलम जेवणानंतर लगेच टाका, चारनंतर नको: पॅक करणं, फ्रॅक्शन्स, त्यांची टीएलसी आणि रोटावर सॉल्व्हंट उडवणं यात तीन तास सहज जातात आणि अर्धवट सोडलेला कॉलम सकाळपर्यंत पसरतो. सॉल्व्हंट असा निवडा की हवा असलेला स्पॉट ०.२ ते ०.३ आरएफला (टीएलसीवर सॉल्व्हंटच्या तुलनेत स्पॉट किती वर चढला ते) येईल. सिलिका क्रूडच्या (अशुद्ध पदार्थाच्या) ३० ते ५० पट. एनएमआरला ५ ते १० मिलिग्रॅम ०.६ मिली सीडीसीएल३ मध्ये पुरतं. १.२६, २.०५ आणि ४.१२ ला शिखरं दिसली तर आनंद करू नका, ते इथाइल ॲसिटेट आहे. पुन्हा पंपावर लावा.

जाण्याआधी वीस मिनिटं वहीसाठी. ठरवलेलं वजन नाही, प्रत्यक्ष घेतलेलं वजन. बाटलीचा लॉट नंबर, उघडल्याची तारीख, टीएलसीचं चित्र, बाथचं तापमान. शेवटच्या ओळीत उद्याचा प्रश्न प्रश्नार्थक वाक्यात लिहा: 'डी२ओ घातल्यावर इंटिग्रेशन घटतं का?' 'उद्या रिॲक्शन रिपीट' असं लिहिलेलं पान सकाळी कोणालाच अंथरुणातून बाहेर काढत नाही.

शुक्रवारी दुपारी दोन तास थिसिससाठी राखा, आत्तापासून. जो पदार्थ त्या आठवड्यात शुद्ध मिळाला त्याचा प्रयोगविभाग लगेच लिहून काढा: कृती, वजन, यील्ड, मेल्टिंग पॉइंट, प्रोटॉन आणि कार्बन एनएमआर, आयआर, मास. प्रत्येक पदार्थाचं एक फोल्डर. हे पाचव्या वर्षावर टाकलं की कळतं की एकविसाव्या पदार्थाचा कार्बन काढायचाच राहिला होता, आणि आता व्हायलमध्ये तपकिरी डिंक आहे. मग तो पदार्थ सात पायऱ्या परत चढून करायचा.

गाईड. 'सर, चालत नाही, काय करू?' असं विचारलं की उत्तर येतं 'परत करून बघ'. दोष सरांचा नाही, त्यांच्यासमोर निवडायला काही ठेवलंच नव्हतं. दर पंधरा दिवसांनी एक पान द्या. त्यात काय केलं, कोणता आकडा आला, आणि कोणता निर्णय हवा, एवढंच. 'डी२ओमध्ये ९० टक्के ड्युटेरियम आलं. आल्डिहाइड बदलू की आनायनचा बेसपणा कमी करायला सिरियम क्लोराइड घालून बघू? मला सिरियम वाटतंय, कारण अल्फा प्रोटॉन आहे.' याला दोन मिनिटांत उत्तर मिळतं. सर प्रवासात असतील तर फोनवरही मिळतं.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. बरीच मुलं तिथे फक्त चाललेल्या रिॲक्शन दाखवतात. न चाललेलीची एक स्लाइड जरूर ठेवा, वरच्या तीन चाचण्यांच्या निकालांसकट. समितीत दुसऱ्या शाखेचं कोणी असलं की तेच एखादा साधा प्रश्न विचारतात. शिवाय 'काम कमी दिसतंय' या शेऱ्याला तेच लेखी उत्तर ठरतं.

पैशांचंही बघू, कारण सकाळच्या मरगळीत पैशाचा वाटा मोठा असतो. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ (कनिष्ठ फेलोशिप) महिना ३७,००० आणि एसआरएफ (वरिष्ठ) ४२,००० आहे. दोन अधिक तीन, एकूण पाच वर्षं. तुम्ही तिसऱ्या वर्षात आहात, म्हणजे एसआरएफची समिती झालेली असायला हवी. झाली नसेल तर या आठवड्यात विभागात विचारा, ती आपोआप होत नाही. संस्थेकडून दरमहा पोर्टलवर खातरजमा जाते. ती गेली का, हे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसात जाऊन नम्रपणे विचारायचं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपवर असाल तर अहवालाच्या प्रती शिक्क्यासकट स्वतःजवळ ठेवा. कुठलीही फेलोशिप असो, रक्कम कधी कधी तीन-चार महिन्यांची एकदम येते. ती आली की आधी तीन महिन्यांचं भाडं आणि मेस बाजूला काढा, मग फोन बदला.

मुदत म्हणाल तर प्रवेशापासून जास्तीत जास्त सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्यावर दोन. पण फेलोशिप पाचलाच थांबते, म्हणून गणित पाचचं करा: साडेचार वर्षांनी नवी रिॲक्शन लावणं बंद. त्या हिशेबाने तुमच्या हातात अजून सुमारे दीड-दोन वर्षांचं बेंचवरचं काम आहे. थिसिससाठी पेपर छापलेला असावा ही अट २०२२ च्या नियमांतून गेली, तरी तुमच्या विद्यापीठाने ती ठेवली आहे का, हे वाचून घ्या.

नोकरीला लागलेल्या मित्रांबद्दल फार लिहीत नाही. त्यांचे स्टेटस शनिवारी रात्री बघू नका, एवढंच.

राहिला प्रश्न ही पायरी सोडायची कधी. आज वहीत चार आठवड्यांनंतरची तारीख लिहा. तोपर्यंत टायट्रेशन, डी२ओ, मॉडेल सबस्ट्रेट, ताजं आल्डिहाइड आणि गाईडशी ठरलेला एक बदल, एवढंच करायचं. त्या तारखेला यील्ड ३० टक्क्यांपर्यंतही पोचलं नसेल तर सगळे स्पेक्ट्रा घेऊन सरांकडे जा आणि मार्ग बदलायची परवानगी मागा. पुराव्यासकट मागितलेली परवानगी सहसा मिळते. पायरी सुटली तरी तो डेटा थिसिसमध्ये अर्धं पान घेतोच.

सोमवारी सुरुवात बाटलीपासून करा. आणि टायट्रेशन झाल्यावर नवा आकडा आणि तारीख मार्करने लेबलवर लिहा. बुधवारी ती बाटली दुसरं कोणीतरी उघडणार आहे.